आईचे वडील आणि आय-२९

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

संध्याकाळी पणत्या लावल्या. आई सत्त्याऐंशीची, वाकवत नाही, म्हणून काडी मी ओढायची आणि तिने खुर्चीतून सांगायचं: ती नको, तिच्यात तेल कमी आहे, वात पुढे ओढ. शेवटची पणती दाराबाहेर पायरीवर ठेवायची. ती दादांची, म्हणजे तिच्या वडिलांची. हे मी लहानपणापासून बघत आलोय आणि आमच्या घरची एक रीत यापलीकडे त्याचा कधी विचार केला नाही.

दादांबद्दल तिला स्वतःचं असं एकच आठवतं. कोणीतरी तिला खांद्यावर घेऊन बंदरावर गेलं होतं आणि त्या खांद्याला विडीचा वास येत होता. खांदा दादांचा की धाकट्या काकांचा, हे अजून तिचं ठरत नाही. तेव्हा ती चार वर्षांची होती.

रात्री मुलाने मोबाइलवर जुनं पंचांग काढून दाखवलं. २२ नोव्हेंबर १९४२, कार्तिक शुद्ध पौर्णिमा. मी उठून आईला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "मग? पणती आज का लावतो असं वाटलं तुला?"

साठी ओलांडली तरी मला हे कळलं नव्हतं. आजी त्या संध्याकाळी देवळात दीपमाळेला त्रिपूर लावून, दोन्ही पोरांना घेऊन चांदण्यातून घरी आली होती. मध्यरात्र उलटल्यावर, दोनच्या सुमाराला, तिकडे हिंदी महासागरात 'तिलावा'ला, म्हणजे दादा खलाशी होते त्या बोटीला, पहिला टॉर्पेडो लागला. पौर्णिमेच्या उजेडात बोट किती लांबून दिसत असेल, हे आत्ता लिहिताना डोक्यात आलं.

९ नोव्हेंबर

आज रविवार, आई बोलायच्या लहरीत होती. मी वही घेऊन बसलो.

आमच्याकडची माणसं बोटीवर चढायची ती सारंगाच्या ओळखीने. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या. तो आपल्या गावातली, आपल्या नात्यातली पोरं निवडायचा. त्यामुळे घरी कुणाचं काय अडलंय हे त्याला ठाऊक असायचं, आणि कुणाला किती दाबता येईल हेही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाड्यांच्या काठाने अशी कितीतरी घरं होती. भात चार महिन्यांपुरतं, बाकी वर्षभर मनीऑर्डर. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि आपल्या खलाशांनी इंग्लंडच्या बंदरांत संप केले, तेव्हा कुठे तो वाढला. दादा त्या संपात होते का, हे विचारायला घरात कोणी उरलेलं नाही. असते तर आजीने ते मुद्दाम लपवलंही असतं. तिला भांडणाची फार धास्ती.

बातमी तारेने आली नाही. मुंबईहून गावचा एक माणूस बोटीने आला आणि वाटेतच चार घरांत सांगून मग आमच्याकडे पोचला. तोवर शेजारच्या बायका अंगणात येऊन उभ्या होत्या. आजी त्यांना म्हणाली, बसा, चहा टाकते. तिला वाटलं त्या त्रिपुराच्या प्रसादाबद्दल काही बोलायला आल्यात.

मग प्रश्न पडला कुंकवाचा. देह नाही. भटजी म्हणाले, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पालाशविधी. भावकी म्हणाली, बोट बुडाल्याचं सगळ्या मुंबईला ठाऊक आहे, वाट कसली बघायची? आजीने भटजींचं ऐकलं. शास्त्रावर तिचा एवढा विश्वास होता असं मला वाटत नाही. तिला बारा वर्षं मिळत होती, ती तिने घेतली. त्यासाठी गावाने तिला काय काय ऐकवलं, ते आईने सांगितलं, पण मी इथे लिहीत नाही.

१९५४ साली विधी झाला. पळसाची पानं आणि दर्भ यांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ. आई सोळा वर्षांची. "तो नारळ बघून मला हसूच आलं रे," ती म्हणाली. "आईने असा चिमटा काढला की वळ उठला." एवढं सांगून ती पुन्हा हसली आणि मग बराच वेळ दंडावरून हात फिरवत बसली.

१६ नोव्हेंबर

'तिलावा'वर साडेनऊशेहून जास्त माणसं होती. बहुतेक प्रवासी, पोटासाठी पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघालेले. सेशेल्सच्या ईशान्येला साधारण ९३० मैलांवर ती गाठली गेली. पहिल्या टॉर्पेडोने लगेच बुडाली नाही. होड्या सोडल्या, बोट तरंगतेय असं दिसल्यावर काही माणसं परत वर चढली. मग दुसरा आला. २८० गेले. 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने दोन दिवसांनी ६७८ जणांना उचललं आणि २७ तारखेला मुंबईला आणलं.

या आकड्यांशी माझी आता ओळख झालीय. परत वर चढलेल्या माणसांपाशी मात्र दरवेळी अडतो. प्रवासी घाबरून होडीत बसतो, त्याला होडीतून परत आणायचं काम खलाशाचंच.

बोटीच्या पोटात चांदी होती. २,३६४ लगडी. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडायला मुंबईहून विकत घेतलेल्या. २०१७ साली अडीच किलोमीटर खोल समुद्रातून त्या वर काढल्या. मग काढणारी कंपनी आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात ब्रिटनच्या कोर्टांत वाद, तो पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल लागला. पंचाहत्तर वर्षांनीही लगडींची मोजदाद चोख. मला त्याचा राग यावा असं मुलाला वाटलं होतं. राग नाही आला, खरं सांगतो, नवल वाटलं. एवढ्या खोलवर जाता येतं हेच मला माहीत नव्हतं. आईला सांगितलं तर तिने विचारलं, "आणि बाकीचं तिथेच ठेवलं?"

युद्धात गेलेल्या आपल्या व्यापारी जहाजांवरच्या माणसांची स्मृतिपुस्तकं आहेत, एक मुंबईला, एक चितगावला. जवळपास ६,००० नावं. दर्यात गेलेल्यांना थडगं नाही, म्हणून कागदावर नाव. ही यादी आता घरबसल्या बघता येते. शोधायला बसलो आणि तासाभरात बंद केलं. आमच्या भागातलं एकेक नाव इंग्रजीत तीन-तीन तऱ्हांनी उमटतं, आडनाव कधी असतं कधी नसतं. आईला विचारलं, दादांचं नाव कचेरीत कसं लिहीत असतील? ती म्हणाली, सारंग सांगेल तसं.

२३ नोव्हेंबर

हे आज लिहू की नको, असं दुपारपासून चाललंय.

'तिलावा' बुडवणारी पाणबुडी आय-२९. नाव मला आधीपासून ओळखीचं वाटत होतं, पण कुठलं ते आठवेना. सकाळी पेटली ट्यूब. नेताजी जर्मनीहून निघाले ते जर्मन पाणबुडीने. २८ एप्रिल १९४३ ला मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून ते आणि त्यांचे सहकारी आबिद हसन दुसऱ्या पाणबुडीवर गेले. ती दुसरी, जपानी. आय-२९. 'तिलावा' बुडाल्यावर पाच महिन्यांनी.

आमच्या बैठकीत नेताजींचा फोटो आहे. मामाने १९४६ साली मुंबईहून आणलेला, लाल किल्ल्यातले खटले गाजत होते तेव्हा. आधी गावच्या माजघरात होता, आता फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या वर. दादांचा फोटो कधी निघालाच नाही, त्यामुळे घरात भिंतीवर टांगलेला बाप्या तो एकच. दर २३ जानेवारीला आई त्याला हार घालते.

मामा वारला तेव्हा मी चाळिशीत होतो. त्याला हे कळलं असतं तर त्याने फोटो उतरवला असता का, यावर मी दिवसभर डोकं घालवलं. कधी वाटलं, उतरवला असता. कधी वाटलं, अजून वर टांगला असता आणि माझ्याशी भांडला असता. नेताजींना तरी कुठून माहीत असणार? आणि असतं, तरी ते त्या होडीत बसलेच असते, आणि बसायलाच हवं होतं, असं माझंही मत आहे. दादांच्या नातवाने हे लिहावं, ते जरा जड जातंय एवढंच.

शेवटी संध्याकाळी आईला सांगून टाकलं. तिच्यापासून लपवायचं तर तिच्याच आईच्या वळणावर गेल्यासारखं झालं असतं.

ती फोटोकडे बघत राहिली. मग विचारलं, "त्या पाणबुडीचं पुढे काय झालं?"

"जुलै ४४ मध्ये अमेरिकन पाणबुडीने बुडवली. एकच माणूस वाचला."

"एकच?" ती बोटांवर काहीतरी मोजत होती, काय ते मला कळलं नाही. "त्यांच्या घरी कळायला किती दिवस लागले असतील रे?"

मी काही बोललो नाही. तिने चष्मा काढून पदराला पुसला.

"जानेवारीत हार आणशील तो झेंडूचा नको," ती म्हणाली. "गेल्या वर्षी पाकळ्या सगळ्या टीव्हीवर गळल्या."