तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेकला ग्रुप नेणं का थांबवलं

आधी जी कारणं नाहीत ती बाजूला काढते, कारण ठाण्यात तलावपाळीवर फिरायला निघालं की निदान एक तरी माणूस ती मला ऐकवतोच. गुडघे गेलेले नाहीत. डावा कुरकुरतो, पण तो चाळिशीपासून कुरकुरतोय आणि त्याच्याच जोरावर मी अजून माहुली किल्ल्याची शिडी चढते. घरून कुणी अडवलेलं नाही. शासनाचं ऑगस्ट 2021 चं साहसी पर्यटन धोरण आलं, नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी आल्या म्हणून मी घाबरले, असंही एका गृहस्थांनी परस्पर ठरवून टाकलंय. त्या अटी आधीच यायला हव्या होत्या, असं माझं मत आहे. आणि नाही, कुणी पडलं नव्हतं. हे मोठ्या अक्षरात लिहून गळ्यात अडकवावं असं हल्ली वाटतं.

माथेरानजवळची नाखिंद ते पेब किल्ला ही डोंगररांग कशी आहे ते सांगत बसत नाही. कर्जत लोकलने जाताना बदलापूर सोडलं की उजव्या खिडकीतून सगळ्यांनीच ती पाहिलेली आहे. बेडीसगावातून चढायचं, नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, गाठायचं, मग धारेधारेने, डोंगराच्या अरुंद माथ्यावरून, मधली बिननावाची टेकाडं पार करत पेबवर, आणि उजेड असेतो माथेरानच्या छोट्या गाडीच्या रुळांवर. दिवस पुरतो, पण उरत नाही.

तुम्ही माझ्याबरोबर आला असाल तर माझं एक वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. "आलंच, दहा मिनिटं." सह्याद्रीत हे सगळेच म्हणतात. गुरं घेऊन जाणारे मामा म्हणतात ते त्यांच्या पायांच्या हिशेबाने खरंही असतं. आमच्यासारखे लीडर म्हणतात तेव्हा ते खरं नसतं, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. त्यात कुणाचं काही बिघडत नाही, असं मी मानत होते. अजूनही बहुतेक मानते.

डिसेंबरातला रविवार होता. दहाएक जण होतो, मागे मी आणि पुढे आमचा कळव्याचा मित्र. त्यात ऐरोलीहून आलेले एक गृहस्थ होते. चाळिशीचे, रोज पळणारे, अंगाने माझ्यापेक्षा कितीतरी तयार. कळसूबाई झालेलं, कलावंतीण सुळकाही झालेला. नेढ्यापर्यंत तेच सगळ्यांना हसवत होते. पण कलावंतीणवर खाली बघून पोटात गोळा आला तरी पायाखाली कोरलेली पायरी असते. धारेवर ती नसते. मुरूम असतो, वाळलेलं गवत असतं (ते ओल्यापेक्षा जास्त घसरतं, हे पावसाळी ट्रेकवाल्यांना पटत नाही) आणि दोन्ही बाजूंना काही नसतं.

एक घसाऱ्याचा, सुट्या मातीदगडांचा टप्पा उतरून आम्ही अरुंद भागावर आलो आणि ते थांबले. आधी वाकले, मग हात टेकले, मग बसले. दमलेला माणूस बसतो तसे नाही. दोन्ही मुठींत गवत घट्ट धरलेलं. उजवीकडे गाढेश्वर धरणाचं पाणी, त्यापलीकडे प्रबळ आणि कलावंतीण. डावीकडे पार खाली रेल्वे लाइन. एक लोकल नेरळकडे चालली होती, तिच्याकडे ते बघत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, मी इथेच थांबतो. येताना मला घ्या."

आम्ही त्या वाटेने परत येणारच नव्हतो. त्यांना ते सकाळपासून माहीत होतं.

बाकीच्यांना मित्राबरोबर पुढच्या टेकाडापलीकडे पाठवलं. कारण बघणारे जितके जास्त तितका बसलेला माणूस जास्त बसतो. त्यांच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्याकडे. तो दोर धारेवर कशालाच बांधता येत नव्हता, सगळा ठिसूळ दगड. ते घसरले असते तर मीही गेले असते. हे मला कळत होतं, आणि त्यांना कळू नये म्हणून मी गाठ उगाचच दोनदा तपासली. गूळ-शेंगदाणे दिले. ते त्यांनी तोंडात धरून ठेवले, चावले नाहीत. मी त्यांच्या समोर, खालचं दिसू नये अशी बसले आणि बोलत राहिले. मुलीची शाळा, ऐरोलीचा पूल, काय वाटेल ते. ऊन चढत होतं. धारेवर पाण्याचा थेंब नाही, जे काय होतं ते पाठीवर. मागे फिरायचं तर तोच घसारा आता चढायचा होता आणि त्याकडे बघायलाही ते तयार नव्हते.

खूप वेळाने त्यांनी विचारलं, "पुढे अजून असं आहे?"

होतं. याहून वाईट होतं. कातळाला छाती लावून आडवं जायचं, पाऊल मावेल एवढीच जागा.

"नाही," मी म्हटलं. "हेच शेवटचं."

"खरं?"

"खरं. माझ्या मुलाची शप्पथ."

ते उठले. आणि नुसते उठले नाहीत, नीट चालले. एकेक पाऊल मी सांगेन तिथे. अर्ध्या तासाने ती कातळाची जागा आली. ते थांबले, मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलले नाहीत. मग कातळाकडे तोंड केलं आणि पलीकडे गेले. मी गेले असते त्यापेक्षा चांगले गेले, हेही सांगायला हवं.

पेबवर ते सगळ्यांत मिसळले, शिड्यांवर दुसऱ्यांना हात दिला. रुळांवर आल्यावर रेंज मिळाली तसा मी मुलाला फोन लावला. शपथाबिपथांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी लावला. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, जेवलास का?"

नेरळ स्टेशनवर चहा घेताना ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. "ताई, शपथ घ्यायला नको होती. नुसतं 'नाही' म्हणाला असतात तरी मी उठलो असतो." आवाजात राग नव्हता. रात्री ग्रुपवर त्यांनी लिहिलं, ताईंमुळे आज घरी पोचलो. खाली भराभर नमस्कार आणि टाळ्या पडल्या. मी फोन उलटा करून ठेवला.

त्या वेळची मी आजच्या मला सोडत नाही. ती विचारते, दुसरं काय करणार होतीस? डिसेंबरात सहा वाजता अंधार. मदतीला कुणी आलं असतं ते रात्री आलं असतं, आणि तोवर भेदरलेला माणूस आणि तू, दोघं त्या वाऱ्यात. दोर निरुपयोगी होता, शब्द उपयोगी पडला. मग तो खरा होता की खोटा, हा प्रश्न खाली शहरात बसून विचारायचा. याला माझ्याकडे उत्तर नाही. मीही तिला एवढंच म्हणते, की ते लहान मूल नव्हते. स्वतःच्या जिवाबद्दल त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता. त्यावर ती म्हणते, सरळ उत्तर ऐकून ते तिथेच बसून राहिले असते तर? इथे आम्ही दोघी गप्प होतो.

मित्रांचं म्हणणं, मग पायथ्यालाच सगळं खरं सांगत जा. तेही केलं. पुढच्या वेळी बेडीसगावात सगळ्यांना उभं करून एकेक जागा वर्णन करून सांगितली. दोघं तिथूनच परत गेले, त्यातली एक मुलगी तर ही रांग सहज चालली असती. बाकीचे दिवसभर पायाखाली बघत चालले, नेढ्यातून कुणी बाहेरही पाहिलं नाही. सोपी जागा आली तेव्हा "इथे काही नाही, चला" म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच येईना. खरोखर काही नव्हतं तिथे. पण लीडरने म्हणायलाच हवं असं ते वाक्य आहे, आणि ते माझ्या तोंडून मलाच पटेना. त्यानंतर मी ग्रुप नेला नाही. कळव्याचा मित्र नेतो. तो सर्रास "दहा मिनिटं" म्हणतो आणि त्याचे लोक सुखरूप खाली येतात.

मी जाते अजून, त्याच्याबरोबर किंवा आणखी एखाद्या जुन्या जोडीदाराबरोबर. आम्ही एकमेकांना पुढे काय आहे ते विचारत नाही.

तुम्हाला जायचं असेल तर माहिती जरूर विचारा, देते. पाणी माणशी चार लिटर, पेबच्या टाक्यांपर्यंत कशाचाही भरवसा नाही. पहाटेचीच लोकल पकडा. झिजलेल्या तळाचे बूट नकोत. नेढ्यानंतर एक अवघड जागा आहे, आणि तिच्यापुढे तिच्याहून अवघड दुसरी. तिसरी नाही. यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते आता तुमचं तुम्ही बघा.