तुम्ही विचारलंत म्हणून : कारखान्याचेही संचालक, बँकेचेही संचालक

बँकेतून निवृत्त झालो तरी वार्षिक सभेचे दिवस आले की टिळकवाडीतल्या घरी लोक अहवाल घेऊन येतात. प्रश्न बहुधा एकच : "आपल्या कारखान्याचा माणूस बँकेच्या बोर्डावर बसला तर बिघडलं कुठं? उलट कर्ज लवकर मिळेल की!"

ओळखीवर भांडवल मिळणं यात वाईट काही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे नांगर केले. १९१० साली कारखान्यासाठी त्यांना जागा मिळाली ती औंधच्या राजांकडून, माणूस पारखून. जर्मनीत १८७० साली निघालेल्या डॉइश बँकेच्या पहिल्या संचालकांपैकी गेओर्ग सीमेन्स हे विजेची यंत्रं बनवणाऱ्या वेर्नर सीमेन्स यांच्या नात्यातले. तिथे बँकेची माणसं कारखान्यांच्या देखरेख मंडळांवर बसत. उद्योगाची आतली बित्तंबातमी असल्यामुळे बँक मोठं कर्ज द्यायला कचरत नसे. या पद्धतीने जर्मन उद्योग उभा राहिला, हे मान्यच करायला हवं.

पण बँक कर्ज देते ते ठेवीदाराच्या पैशातून, आणि ठेवीदार त्या बैठकीत नसतो. संचालकाच्याच फर्मच्या कर्जाचा विषय आला की ते उठून बाहेर जात. इतिवृत्तात तशी नोंदही होई. आत बसलेले सहकारी मंजुरी देत, कारण पुढचा अर्ज त्यांच्यापैकीच कुणाचा तरी असे. नियम पाळला जाई, पण तारण पुरेसं आहे का हे कुणी विचारतच नसे. मला याची चीड येते, आजही.

अमेरिकेत १९१३ साली तिथल्या संसदेच्या पुजो चौकशी समितीने बडे बँकर मॉर्गन आणि त्यांच्या जोडीच्या बँकांची माणसं किती कंपन्यांच्या बोर्डांवर आहेत याची मोजदाद केली : ११२ कंपन्यांत ३४१ संचालकपदं. पुढच्याच वर्षी क्लेटन कायद्याने अशा सामाईक संचालकांवर बंधनं आणली. आपल्याकडे युनायटेड कमर्शियल बँकेमागे बिर्लांचं घराणं होतं, इतर बँकांतही मोठी उद्योगघराणी होती. बँकांवर सरकारी लगाम घालणाऱ्या 'सामाजिक नियंत्रणा'च्या कायद्याने संचालकांना आणि त्यांच्या कंपन्यांना कर्ज देणं बंद केलं. पाठोपाठ १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. नागरी सहकारी बँकांच्या संचालकांना ही बंदी लागू व्हायला २००३ साल उजाडलं.

आपल्या गावोगावच्या कर्ज देणाऱ्या सोसायट्या मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. ऊसपट्ट्यात तर कारखान्याच्या आणि जिल्हा बँकेच्या बोर्डावर तीच नावं दिसण्यात कुणाला नवल वाटत नाही.

म्हणून अहवाल आणलात की मी आधी लाभांश बघत नाही. मागच्या पानांत बारीक अक्षरात 'संचालक व त्यांचे नातेवाईक यांच्याकडील येणे कर्ज' अशी ओळ असते, शेजारी त्यातली थकबाकी. ती ओळ नसेल तर सभेत उभं राहून आकडा मागा. सभासद आहात, तो तुमचा हक्क आहे.