भिया, माल चालू ठेवा

सकाळी सव्वानऊला इंदूरच्या मरीमाता चौराह्यावर माझी गाडी अडकते. साधारण त्याच वेळी माझ्या कानात कुणीतरी मोठा माणूस पहाटे साडेचारला उठून आधी काय करतो ते सांगत असतो. रामबागेतून सांवेर रोडच्या कारखान्यापर्यंत जाऊन-येऊन रोजचा दीड तास. करोनाच्या काळात गाण्यांची जागा पॉडकास्टनी घेतली, ती अजून सुटलेली नाही. उद्योजकता, नेतृत्व, झोप, श्वास, सगळं ऐकून झालंय. थंड पाण्यानं आंघोळसुद्धा करून पाहिली, आठ दिवस, तीही जानेवारीत. नवव्या दिवशी बायकोनं न बोलता गीझर लावून दिला.

माझा धंदा खोक्यांचा. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना लगेच हसू फुटतं, म्हणून आधीच सांगतो, रिकाम्या खोक्यांचा. कोरुगेटेड, म्हणजे मध्ये नळीदार कागद असलेली, तीन प्लाय (थर) आणि पाच प्लाय. इंदूरची शेव आणि मिक्स्चर देशभर ज्यातून जातं ती पेटी. बाबांनी एक जुनं मशीन घेऊन सुरू केला, आता मी बघतो.

खोकेवाला असल्यामुळे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट एअरबीएनबीची, त्या घरं भाड्यानं देणाऱ्या कंपनीची. गाय राझ यांच्या 'हाऊ आय बिल्ट धिस' या उद्योजकांच्या मुलाखतींच्या पॉडकास्टमुळे ती गाठली. २००८ साल, अमेरिकेत निवडणुकीचा हंगाम, कंपनी चालत नव्हती, क्रेडिट कार्डांवर कर्ज चढलेलं. तेव्हा ती सुरू करणाऱ्या पोरांनी ओबामा आणि मॅकेन यांच्या नावाची न्याहारीची खोकी छापून घेतली, हजारेक खोकी हातानं घडी घालून गोंदानं चिकटवली आणि चाळीस डॉलरला एक अशी विकली. तीसेक हजार डॉलर मिळाले. हजार खोकी हातानं चिकटवणं म्हणजे काय असतं हे मला विचारा. त्या पोरांबद्दल तेव्हापासून माया आहे.

पण बहुतेक मुलाखतींत पैसे अडकल्याचा विषय दोन वाक्यांत संपतो. 'त्या काळात कॅशची फार ओढाताण होती,' पाहुणा म्हणतो. 'आणि मग तुमची सकाळ कशी सुरू व्हायची?' यजमान विचारतो. अरे बाबा, थांब ना! ओढाताण कुणाकडे होती, किती दिवसांची, फोन कोण करायचं, समोरचा काय म्हणायचा? माझ्या मते धंद्याची सगळी गोष्ट तिथेच असते.

आमच्याकडे असं चालतं. क्राफ्ट पेपरचे, म्हणजे पेटीच्या तपकिरी कागदाचे, रीळ मिलकडून येतात ते आगाऊ पैसे भरून, नाहीतर फार तर पंधरा दिवसांच्या बोलीवर. तयार पेटीचे पैसे येतात नव्वद दिवसांनी, कधी एकशेवीस. मधल्या काळात स्टार्च, शिवणीची तार, वीज आणि पगार थांबत नाहीत. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून पेटीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आणि क्राफ्ट पेपरवरचा १२ वरून १८. लोकांनी अभिनंदनाचे फोन केले. कागद घेताना १८ भरायचे, पेटी विकताना ५ घ्यायचे आणि मधल्या फरकासाठी परताव्याची वाट बघायची, हे कुणाकुणाला समजावणार?

तर माझा गाढवपणा. एका एपिसोडमध्ये ऐकलं की वर्षातून एकदा सगळ्यात वाईट ग्राहकाला निरोप द्या, मन हलकं होतं. माझ्या डोळ्यांसमोर लगेच एक नमकीनवाले आले. अकरा वर्षांचा व्यवहार, सहा लाख चाळीस हजार बाकी. गेटवर उभी असलेली त्यांच्या मालाची भरलेली गाडी मी उतरवून घेतली. मन खरंच हलकं झालं, मंगळवार आणि बुधवार. गुरुवारपासून त्यांनी फोन उचलायचं बंद केलं.

मला हे कळायला हवं होतं. आमच्या धंद्यात जुनं बिल नव्या गाडीवर निघतं. माल चालू, तर पैसे चालू. माल थांबवला की समोरचा दुसऱ्या खोकेवाल्याकडून नव्या नव्वद दिवसांच्या उधारीवर माल उचलतो आणि आपले पैसे तळाला बसतात. पॉडकास्टमधला पाहुणा सॉफ्टवेअरवाला होता. त्याचा ग्राहक आधी कार्ड घासतो, मग वस्तू वापरतो. मी हे सगळं ऐकताना बाणगंगेच्या रस्त्यावर खड्डे चुकवत होतो, बहुतेक त्यातच राहून गेलं.

कायदा माझ्या बाजूनं आहे, अगदी पक्का. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दरानं व्याज, दरमहा चक्रवाढ. तक्रारीसाठी २०१७ मध्ये सरकारचं समाधान पोर्टल आलं. आयकरातही ४३बी(एच) हे कलम आलं: लहान उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत, तर देईपर्यंत तो खर्च धरत नाहीत. हे लागू होतं ते उद्यम, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, असलेल्याला. त्या वेळी एका ग्राहकानं इंदुरी 'भिया', म्हणजे भैया, म्हणत अगदी प्रेमानं सुचवलं, 'भिया, उद्यम का रजिस्ट्रेशन कैंसिल करा लो ना, दोनों को आराम.' तक्रार केली नाही. सियागंजच्या बाजारात बातमी चहा संपायच्या आत फिरते, आणि तक्रार करणाऱ्या खोकेवाल्याला पुढची ऑर्डर कोण देणार?

म्हणून जाऊन बसलो. त्यांच्या अकाउंट्सच्या खोलीबाहेर लोखंडी बाक आहे. मुनीमजींनी चहा पाजला, 'भिया, कल पक्का' म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बाकावर. असे सहा दिवस. जुलै महिना. बाकाशेजारी नव्या पुरवठादाराच्या पेट्या रचलेल्या होत्या. बसल्या बसल्या एकीची कड अंगठ्यानं दाबून पाहिली. आतली नळी लगेच बसली. गोंद पातळ, कागद हलका, वर पावसाची दमट हवा. सगळ्यात खालच्या थरातल्या दोन पेट्या गुडघे टेकल्यासारख्या वाकल्या होत्या आणि आतल्या शेवेचा चुरा झाला असणार हे बाहेरूनच दिसत होतं. मला फार बरं वाटलं. चांगलं जगण्याच्या कुठल्याही एपिसोडमध्ये या आनंदाची शिफारस ऐकलेली नाही.

मी काही बोललो नाही. माल रवाना करणाराच सातव्या दिवशी म्हणाला, 'तुम्हारी पेटी बैठती नहीं थी.' मग आत बोलावणं आलं. ठरलं ते असं: दर नव्या गाडीबरोबर एका जुन्या बिलाचा चेक, आधी चेक, मग गाडी खाली.

बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. 'मी कधी गाडी उतरवली होती का?' एवढंच म्हणाले. त्यांचे वसुलीचे नियम ठरलेले. बोहनीच्या आधी जायचं नाही, दिवेलागणीनंतर मागायचं नाही, आणि मागताना आधी त्यांच्या घरच्यांची चौकशी. शिवाय त्यांचा आवडता दाखला: तुकोजीराव होळकरांनी १८७० साली खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये दिले, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांसाठी. 'इंदुराला उधारीची सवय आहे,' म्हणतात.

दिवाळीत लेक पुण्याहून आली. तिला आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करायचं होतं. मोबाइल कागदाच्या रिळावर ठेवून तिनं गाय राझ मुलाखतीच्या शेवटी विचारतात तो प्रश्न विचारला, यशात नशीब किती आणि मेहनत किती? बाबा भलतीकडेच गेले. इंदूरची हुकुमचंद कापड मिल बंद पडली, कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी डिसेंबर २०२३ मध्ये मिळाले, तीस वर्षं उलटून गेल्यावर. त्यातले किती जण तोवर उरले असतील, असं म्हणून जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'आपल्याकडे सात तारीख म्हणजे सात तारीख.' पगाराचं म्हणत होते. लेकीनं प्रश्न पुन्हा विचारला, तर ते मशीनवाल्याला गोंद घट्ट ठेव म्हणून ओरडायला उठून गेले. रेकॉर्डिंगमध्ये पुढची चार मिनिटं नुसता खडखडाट आहे. ती म्हणते काढून टाकणार नाही.

सहा चाळीसपैकी एक लाख दहा हजार अजून बाकी आहेत. उद्या पाच प्लायच्या आठशे पेट्या जायच्या आहेत. साडेअकराला जाईन, बोहनी झाल्यावर.