एकाच वस्तूची ऑर्डर

जुनी ऑर्डर प्रणाली सोपवर (SOAP, म्हणजे एक्सएमएल या टॅगांच्या मजकुरात मेसेज पाठवायची पद्धत) चालणारी, गोदामाची नवी प्रणाली फक्त जेसन (JSON, कंसांत माहिती मांडायची दुसरी पद्धत) घेणारी. मधे आमची सर्व्हिस बस, म्हणजे एका प्रणालीचे मेसेज दुसरीला समजतील असे करून पोचवणारं सॉफ्टवेअर. एक्सएमएलचं जेसन करायला बसबरोबर आलेला तयार कन्व्हर्टर लावला होता आणि सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या.

लाइव्ह गेलो त्या सकाळी काही ऑर्डरी सुरळीत जात होत्या, काही ४०० हा 'विनंती चुकीची' सांगणारा एरर कोड घेऊन परत येत होत्या. गोदामवाल्यांचा निरोप अपेक्षितच होता: "घोळ बसमध्ये आहे, तुम्हीच बघा." मधे बसणाऱ्याला हे रोजचंच. कुणाला नेटवर्कचा संशय, कुणाला लोडचा. पण नेटवर्क अडलं असतं तर टाइमआउट दिसले असते. ४०० म्हणजे समोरच्याने मेसेज वाचला आणि नाकारला. म्हणून डेड लेटर क्यूमधला (न पोचलेले मेसेज साठतात त्या रांगेतला) एक मेसेज आणि पास झालेला एक, असे दोन्ही शेजारी शेजारी उघडले.

पास झालेल्यात वस्तूंची यादी चौकोनी कंसात होती. नापास झालेल्यात चौकोनी कंसच नाही, थेट महिरपी कंस, म्हणजे यादी नाही, नुसती एक वस्तू. पुढचे चार-पाच मेसेज पाहिले, तेही तसेच. नाकारलेल्या प्रत्येक ऑर्डरमध्ये वस्तू एकच होती!

मग उलगडा व्हायला वेळ लागला नाही. वस्तूचा टॅग कितीही वेळा येऊ शकतो हे स्कीमात, म्हणजे मेसेजच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, मेसेजमध्ये नाही. कन्व्हर्टर स्कीमा बघतच नव्हता. टॅग दोनदा दिसला की यादी, एकदाच दिसला की साधा ऑब्जेक्ट, एवढाच त्याचा हिशेब. आणि टेस्टरांनी केलेल्या ऑर्डरी सगळ्या भरगच्च, तीन-तीन वस्तूंच्या. खरी माणसं बरेचदा एकच वस्तू मागवतात.

इथवर ठीक होतं. पण मेसेज समोर होतेच, म्हणून पास झालेला पुन्हा नीट वाचला आणि पोटात गोळा आला. मूळ एक्सएमएलमध्ये वस्तूचा कोड ००४१७, जेसनमध्ये नुसता ४१७. कन्व्हर्टरने अंक पाहिले आणि संख्या समजून टाकली. जेसनमध्ये संख्येच्या आधी शून्य चालत नाही, म्हणून सुरुवातीची शून्यं उडाली. गोदामाच्या यादीत ४१७ कोडाचीही एक वस्तू होती. त्यामुळे ही ऑर्डर २०० हा 'सगळं ठीक' सांगणारा कोड घेऊन, कुठेही लाल न होता, चुकीच्या वस्तूवर नोंदली गेली होती. माझ्या मते त्या दिवशीचं खरं संकट हे होतं. नाकारलेल्या ऑर्डरी निदान क्यूमध्ये सुरक्षित होत्या.

आधी मालाची पाठवणी थांबवायला सांगितलं. कन्व्हर्टर काढून एक्सएसएलटी ३.० (एक्सएमएलचं रूपांतर करायची भाषा) मध्ये मॅपिंग, म्हणजे कुठली माहिती कुठे जाईल याचे नियम, लिहिले. २०१७ पासून प्रमाण असलेल्या या आवृत्तीत जेसनसाठी वेगळं फंक्शन आहे: कुठे यादी, कुठे मजकूर, कुठे संख्या हे आपणच टॅग लावून सांगायचं, अंदाजाला जागाच नाही. लिहायला कंटाळवाणं, पण वाचणाऱ्याला सगळं समोर दिसतं.

क्यूमधल्या ऑर्डरी परत सोडणं सोपं होतं, त्या पलीकडे नोंदल्याच गेल्या नव्हत्या. २०० मिळालेल्यांचं काम किचकट. बसच्या ऑडिट लॉगमध्ये (आलेल्या-गेलेल्या मेसेजांच्या नोंदवहीत) मूळ एक्सएमएल जपलेलं होतं, त्यावरून शून्याने सुरू होणारे कोड शोधले आणि ऑर्डर क्रमांकांची यादी गोदामाला दिली. त्यांनी त्या ऑर्डरी हाताने रद्द केल्या, मग आम्ही नव्या मॅपिंगमधून पुन्हा पाठवल्या. चाचण्यांच्या संचात आता एका वस्तूची, शून्याने सुरू होणाऱ्या कोडाची ऑर्डर पहिली चालते.