शनिवार दुपार ते मंगळवार सकाळ

कासला रविवारी जाऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण यंदा मी रविवारीच गेले आणि दिवसभर गर्दीच्या नावानं बोटं मोडत बसले. माझ्यामागं ना नोकरी, ना शाळेत जाणारी पोरं. बुधवारी गेले असते तर कुणी अडवलं नसतं. पण सांगलीतून निघायचं ते शनिवारी दुपारी आणि परतायचं सोमवारी रात्रीपर्यंत, हे अंगात इतकं मुरलंय की आठवड्याला बाकीचे वारही असतात हे डोक्यातच आलं नाही.

ही सवय यांची. दोन्ही किडन्या गेल्यावर साडेपाच वर्षं यांचं मिरजेत डायलिसिस चालू होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सातची पाळी, चार तास मशीनवर. शनिवारी अकराला सुया निघाल्या की पुन्हा मंगळवारी सातला हजर. मधे अडुसष्ट तास. बाकीचे पेशंट या मोठ्या खंडाला भितात, कारण तेवढ्यात अंगात पाणी साठतं, धाप लागते. हे त्याचीच वाट बघायचे. शुक्रवारी रात्री बॅग भरलेली असायची. पन्हाळा, औंध, विजापूर, एकदा तर गणपतीपुळेसुद्धा त्या अडुसष्ट तासांत बसवलं. येताना घाटात गाडी बंद पडली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, आणि हे टपरीवाल्याला नाटकातले उतारे म्हणून दाखवत होते. हाडाचे नाटकवाले. बँकेत नोकरी केली ती पगारापुरती.

आणि दर सप्टेंबरात सातारा, कारण वन्सं तिथं आणि कास तिथं.

यंदा एसटीनं गेले. बायकांना आता तिकीट अर्धं. "आपण दोघं मिळून दीड माणूस," असं यांनी कंडक्टरला नक्की ऐकवलं असतं. ड्रायव्हरच्या बाजूचं दोघांचं बाक रिकामं मिळालं आणि मी कडेला बसले, खिडकी सोडून. आष्ट्याला एक कॉलेजची पोरगी चढली. "काकू, आत सरका की." तेव्हा कळलं की मी जागा धरून बसलेय.

यांच्या डाव्या हाताला फिस्टुला होता. शीर आणि धमनी जोडून केलेली दोरीसारखी जाड रक्तवाहिनी, सुया तिच्यातच टोचायच्या. त्या हातावर पिशवी नाही, घड्याळ नाही, बीपीचा पट्टा नाही. गर्दीत कुणाचा धक्का लागायला नको म्हणून हे उजवीकडच्या खिडकीशी आणि त्यांच्या डावीकडं मी, असं आमचं ठरलेलं. हात माझ्या मांडीवर. बोट ठेवलं की आत घरघर लागायची, मांजर गुरगुरतं तशी. ती थांबली तर पळापळ, म्हणून रोज बघायला सांगितलेलं. रोज कसलं, मी पेठ नाक्यापर्यंत चारदा बघायचे. सांगली-पेठ रस्त्याच्या खड्ड्यांत घरघर कुठली आणि गाडीची थरथर कुठली हेच कळायचं नाही. मग हे डोळे मिटूनच म्हणायचे, "चालू आहे गं. मला कळतं."

त्या पोरीला खिडकी दिली. कऱ्हाडपर्यंत ती मोबाइलवरच होती.

वन्सं माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. पेठेतलं जुनं घर, उंच उंबरे, आणि जेवणाचा आग्रह असा की माणूस दमून झोपतो. दारात पाऊल टाकलं तोच तांब्याभर पाणी पुढं आलं. मी दोन भांडी घटाघटा प्यायले आणि ओशाळले.

हे कुणाला सांगितलेलं नाही. यांना दिवसाचं पाणी लिटरभर ठरवून दिलेलं. सकाळी लिटरची बाटली भरायची. चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून तुळशीला. आमटी, ताक, सगळं त्याच हिशेबात. संध्याकाळी बाटलीत जे राहील ते प्यायचं. उन्हाळ्यात चारलाच तळ दिसायचा. यांच्यासमोर घटाघटा पाणी पिणं मला जमायचं नाही, मी स्वयंपाकघरात जाऊन, नळ बारीक सोडून प्यायचे. यांना ते ठाऊक होतं, असं नंतर वन्संनीच सांगितलं. आम्ही आलो की त्या पाण्याचा तांब्या आणायच्याच नाहीत. वाटीत बर्फाचा एक खडा घालून द्यायच्या. हे तो पाच मिनिटं चघळायचे, आणि वर "सरबत गोड झालंय हं" म्हणायचे.

आता कास. गाडी लांब लावायची, मिनीबससाठी रांगेत उभं राहायचं, मग वर. रांगेत पाऊण तास गेला. पुढं बारा-पंधरा जणांचा घोळका, त्यांच्याकडं गाणी वाजवणारा डबा. पठारावर शिट्ट्या. कुणीतरी फुलांत बसतं, रखवालदार शिट्टी फुंकतो, बसलेला उठतो आणि दोन हात पुढं जाऊन पुन्हा बसतो. युनेस्कोनं २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर या पठाराला जागतिक वारसा ठरवलं आणि तेव्हापासून सगळ्यांना तो वारसा इन्स्टावर टाकायचाय. मी हे यांना म्हणाले होते, तर म्हणाले, "जत्रा नसेल तर देव कसला?" यांना गर्दी आवडायची. माणसं दिसली की यांचा चेहरा उघडायचा. मला आवडत नाही, आणि यांच्या आठवणीखातर ती आवडून घेण्याचा माझा विचारही नाही.

फुलं मात्र होती. तेरडा पठारभर, मधे सोनकीचा पिवळा पट्टा, गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, आणि खाली वाकून बघितलं की सीतेची आसवं, निळी-जांभळी, नखाएवढी. जांभ्याच्या कातळावर माती बोटभर, तिच्यात कस नाही, म्हणून हे रोप जमिनीतल्या बारीक फुग्यांत किडे धरून खातं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा गाइडपोरानं हे सांगितलं आणि यांना काय आनंद झाला! "सीतास्वयंवर झालं सांगलीत, १८४३ साली, आणि आसवं साताऱ्यात! लग्नानंतर इकडं दिली वाटतं." विष्णुदास भाव्यांचं नाटक त्या पोराला ठाऊक नव्हतं. मग यांनी त्याला उभ्या उभ्या मराठी रंगभूमीचा जन्म समजावला आणि मागं चाळीस माणसं खोळंबली.

टोपली कारवीची यंदा नुसती झुडपं, उपड्या टोपल्यांसारखी गोल हिरवी. ती सात वर्षांनी एकदाच सगळी मिळून फुलते. डायलिसिस सुरू व्हायच्या आदल्या वर्षी आम्हाला ती सापडली होती. नंतर हे मिरजेच्या सिस्टरना बजावायचे, "पुढच्या फुलोऱ्यापर्यंत हे मशीन नीट ठेवा बरं का." यांचा हिशेब अर्ध्या वर्षानं चुकला. माझाही फुलोरा हुकलाच. त्या साली मी घराबाहेर पडत नव्हते.

ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते तीन ओळींचं आहे. डायलिसिसचं तिसरं वर्ष. आम्ही कास तलावाच्या काठावर. याच तलावाचं पाणी सातारा शहराला जातं. हे पाण्याकडं बघत म्हणाले, "आख्खं सातारा याच्यावर पितंय, आणि मला लिटरभर." चिडून नव्हे, गंमत सांगावी तसं. तेवढ्यात आभाळ फुटलं. मी छत्री उघडायला गेले, तर हे दोन पावलं बाजूला सरकले, मान मागं टाकली आणि तोंड उघडलं. छप्पन्न वर्षांचा माणूस, चष्म्यावर पाणी, जीभ बाहेर, घशाचा कंठमणी वर-खाली होतोय. बाटलीतून तेवढं ओतायला हवं म्हणून मी सवयीनं झाकण फिरवलं. यांनी एक डोळा उघडून बघितलं.

"हे मोजायचं नाही."

मी झाकण लावलं. मंगळवारी वजन नेहमीपेक्षा जास्त भरलं. सिस्टर ओरडल्या, "काका, साडेतीन किलो पाणी! काय केलंत?" हे म्हणाले, "त्यातलं अर्धा किलो साताऱ्याचं आहे, ते ठेवा, बाकीचं काढा." त्या दिवशी मशीनवर यांना पायात पेटके आले, रडू येईल इतके. तेही लिहायला हवं. मी तळवे दाबत होते आणि मनात म्हणत होते, कशाला ते झाकण लावलंस. अजूनही कधी म्हणते, कधी नाही.

यंदाही पाऊस आला. सगळे ओरडत पळाले, गाणी वाजवणारा डबा एकदाचा गप्प झाला. मी छत्री उघडली. मला सर्दी लगेच होते. शिवाय यांनी केलं ते मी करायला गेले असते तर नाटकच झालं असतं, आणि नाटकाचं अंग मला नाही.

सोमवारी सकाळी सज्जनगड केला, गडावर प्रसाद घेतला, गुडघे दुखले. वन्संचा आग्रह, "अगं, बुधवारपर्यंत राहा. काय घाई आहे तुला?" मी म्हणाले, "नको, मंगळवारी सकाळी पोचायला हवं." तोंडातून निघून गेलं. वन्सं काही बोलल्या नाहीत. कोनाड्यातून पिशवी काढली आणि माझ्याकडून कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो कंदी पेढे आणवले. "तिथल्या पोरींना दे," म्हणाल्या.

मंगळवारी सातला मिरजेत गेले. यांच्या खिडकीजवळच्या बेडवर आता तिशीतला एक मुलगा, दंडापर्यंत बाही वर केलेला. सिस्टरांनी पेढे वाटून घेतले. तो बघत होता. दूध, खवा म्हणजे फॉस्फरस, आणि तो किडनी गेलेल्या माणसाच्या अंगात साठतो. नव्या पेशंटला पहिल्या महिन्यातच हे सगळं पाठ होतं. तरी हळूच विचारलं, "काकू, आम्हाला चालतो का हो?"

मी सिस्टरकडं बघितलं. ती फाइलमध्ये काहीतरी शोधायला लागली.

"अर्धा," मी म्हटलं. "आणि त्याच्याबरोबर फॉस्फरस अडवायची गोळी."