बहात्तर की बासष्ट?

करवीर तालुक्यातलं, भोगावतीकाठचं गाव. मधुमेह, रक्तदाब असल्या आजारांच्या पाहणीत आम्हाला प्रत्येक घरातून १८ ते ६९ वयाची एकच व्यक्ती लागते. आधी घरातल्या सगळ्या प्रौढांची यादी करायची, मग टॅब त्यातून एक नाव काढतो. समोर दिसेल त्यालाच विचारत सुटलं तर दुपारच्या वेळी बायका आणि म्हातारी माणसंच हाती लागतात. गडी रानात नाहीतर एमआयडीसीत.

सून आधार कार्डं घेऊन बसली. सासूबाईंचा जन्म १ जानेवारी १९५२. साल २०२४ चं, म्हणजे बहात्तर पूर्ण; यादीतून बाद. पण १ जानेवारी म्हटलं की माझे कान टवकारतात. जन्माचा दाखला नसलेल्या पिढीला हा वाढदिवस कुणीतरी बसल्या जागी देऊन टाकलेला असतो. (शाळेत गेलेल्यांच्या नशिबी १ जून.) अशा वेळी आम्ही तारीख सोडतो आणि घटना धरतो.

"मावशी, कोयनेचा भूकंप आठवतोय?"

"आठवतोय की! पहाटंचं भांडी खडाखडा पडाय लागली. आयनं मला काखंत मारलं नि भाईर पळाली."

"शाळेत जात होता तेव्हा?"

"कुटली शाळा! फुडल्या साली घातलं मला. दुसरीपतोर गेलो, मग म्हशींमागं."

भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. पुढच्या वर्षी पहिलीत, म्हणजे जन्म १९६२ च्या आसपास. वय बासष्ट!

सून एकदम गप्प झाली. मावशींनी पदर सावरला. "हे तुमी वर कळवनार न्हाई न्हवं? माजा पगार बंद हुईल." पगार म्हणजे श्रावणबाळ योजनेचे पैसे, ते पासष्टीनंतर मिळतात. उत्तरांसोबत नाव कुठेही जात नाही, हे संमतीपत्र पुन्हा वाचून सांगितलं. कार्डावर ते साल कुणी घातलं, हे मी विचारलं नाही. तो माझा प्रश्नच नव्हता.

वय, शिक्षण, व्यवसाय हा फॉर्मचा सोपा भाग, असं प्रशिक्षणात सांगतात. मला ते कधीच पटलं नाही. रक्तदाबाचं यंत्र आकडा दाखवतं, वय मात्र उकरून काढावं लागतं. बहात्तर मानलं असतं तर ही बाई पाहणीत आलीच नसती.

यादी दुरुस्त केली, टॅबनं नाव काढलं, ते नेमकं मावशींचंच. व्यवसाय? "काय न्हाई, घरातच असतो मी." गोठ्यात तीन म्हशी. धारा काढायच्या, दूध संस्थेत घालायचं ते मावशींनी. दहा दिवसांचं बिल मुलाच्या खात्यावर. 'गृहिणी' सोडून 'बिनपगारी काम' निवडलं. त्यावर सून हसली.

रक्तदाब तीनदा घेतला. आमच्या पद्धतीत शेवटच्या दोन मोजण्यांची सरासरी धरतात. ती १४०/९० च्या बरीच वर निघाली. आजवर कुणी मोजलाच नव्हता. आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. नावापुढे वयाचा रकाना. मावशी वाकून बघत होत्या.

"तितं बहात्तरच लिवा."