लाल दिवा लागतो, पण चार्जिंग होत नाही

मृगाच्या पहिल्या वादळात नागपुरात लाइन गेली की दुसऱ्या दिवशी आमच्या महाल भागातल्या दुरुस्तीच्या दुकानात इमर्जन्सी लाइट यायला लागतात. बहुतेक दिवाळीपासून कपाटावर पडून असतात. लेड-ॲसिड बॅटरी न वापरताही आपोआप उतरते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर कितीतरी भरभर. अशांना नवी बॅटरी टाकली की काम होतं. त्या दिवशी आलेल्या एका लाइटचं मात्र तसं नव्हतं.

डबे पुरवणाऱ्या एक काकू तो घेऊन आल्या. "भाऊ, चार महिन्यांत दुसरी बॅटरी आहे ही. लाल लाइट रात्रभर लागून राहते, पण लाइन गेली की पंधरा मिनिटांत डिम होऊन जाते."

ती पंधरा मिनिटं लक्षात ठेवण्यासारखी होती. बॅटरी पूर्ण मेलेली असती तर लाइट लागताच विझला असता.

रबरी पायांखालचे चार स्क्रू काढले. आत ४ व्होल्ट १.५ अँपिअर-अवरची बॅटरी, टर्मिनलवर ३.३ व्होल्ट. भरलेली असती तर ४.२ च्या आसपास दिसायला हवे होते. टर्मिनल स्वच्छ, स्विच ठीक, वायरचा सोल्डरचा डाग पक्का. मग बॅटरीत करंट किती जातो तेच पाहायचं ठरवलं.

इथे एक गोष्ट जिवावरची आहे. या स्वस्त लाइटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्ट एका कपॅसिटरमधून थेट एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडच्या ब्रिजवर येतात, त्यामुळे प्लग लावलेला असताना बॅटरीच्या टर्मिनललाही मेन्सचा, म्हणजे घरच्या लाइनचा, शॉक बसतो. प्लग काढलेला असताना बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये मीटर सिरीजने जोडायचा, २०० मिलिअँपिअर डीसी रेंजवर ठेवायचा, मग प्लग लावायचा आणि हात लांब ठेवायचे. बॅटरी काढून तर प्लग कधीच लावू नये. भार नसला की ब्रिजनंतरचं व्होल्टेज तीनशेच्या वर जातं आणि पुढचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटतो.

मीटरवर १२ मिलिअँपिअर दिसले. लाल दिवा मात्र झकास लागलेला!

कपॅसिटरवर १०५ आणि ४०० व्होल्ट छापलं होतं. १०५ हा कोड म्हणजे १ मायक्रोफॅरड. ५० हर्ट्झला त्यातून साधारण ७२ मिलिअँपिअर एसी जातो, ब्रिजनंतर ६५ च्या आसपास डीसी मिळतो. प्लग काढून कपॅसिटर डिस्चार्ज केला, एक पाय सोडवून मोजला, तर ०.२२ मायक्रोफॅरड. हिशोब तंतोतंत जुळला: १४ मिलिअँपिअर येत होते, त्यातले दोन लाल दिवा खात होता. त्या दिव्याला तेवढेच पुरतात, म्हणून तो शेवटपर्यंत लागतो आणि बॅटरी बदलणारा फसतो. रात्रीचे आठ तास गुणिले १२, म्हणजे ९६ मिलिअँपिअर-अवर. लाइट ओढतो ४०० मिलिअँपिअर. झाली काकूंची पंधरा मिनिटं.

हा कपॅसिटर दिसायला अगदी नवा होता, फुगलेला नाही की जळलेला नाही. लाइनमध्ये उसळी आली की आतल्या फिल्मवरचा धातूचा पातळ थर त्या जागी जळून जातो. कपॅसिटर शॉर्ट होत नाही, पण प्रत्येक वेळी त्याची क्षमता थोडी थोडी कमी होत जाते. त्याजागी बर्डीच्या बाजारातून आणलेला १ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसीचा एक्स-२ प्रकारचा टाकला. मेन्ससाठी हाच बनवलेला असतो. आकाराने मोठा असतो, म्हणून वाकवून बसवावा लागला. त्याला समांतर असलेला ४७० किलो-ओहमचा रेझिस्टर तपासला. तो तुटला तर काढलेल्या प्लगच्या पिनांनाही झटका बसतो. मीटरवर आता ६२ आले.

जुनी बॅटरी वाचते का ते पाहिलं. ४.९ व्होल्ट, १५० मिलिअँपिअरची मर्यादा लावून सोळा तास चार्ज केली आणि १० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरवर उतरायला सोडली. चांगली असती तर अडीच-तीन तास टिकली असती. ही पन्नास मिनिटांत ३.५ व्होल्टच्या खाली आली. सतत अर्धपोटी राहिल्याने प्लेटांवर सल्फेट घट्ट बसला होता. नवी टाकली, तिच्यावर मार्करने तारीख लिहिली.

हा लाइट शेगडीच्या वरच्या फळीवर राहायचा हेही बोलता बोलता कळलं. तिथून तो हलवायला सांगितलं, कारण दर दहा अंशांमागे लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

"मग चार्जिंगले किती वेळ लावू, भाऊ?"

रिकाम्या बॅटरीला ६२ मिलिअँपिअरने साधारण अठ्ठावीस तास लागतात, आणि यात आपोआप बंद होणारं सर्किट नाही. म्हणून एवढंच सांगितलं: "पूर्ण उतरला असेल तर संध्याकाळी सातला लावा, दुसऱ्या दिवशी रात्री अकराला काढा. लावून विसरू नका, आतलं पाणी सुकते."